गोधडीतला रंगमेळ

घटस्थापनेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत नाशिकला गोदाघाटावर धुण्याची झुंबड उडते. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं, चादरी, सतरंज्या, गोधड्या. नदीच्या पाण्याचं त्यात काय होतं हा प्रश्न मोठा आहे आणि तो टाळून चालणार नाही, पण आज बोलायचंय ते वाळत घातलेल्या गोधड्यांबद्दल. होळकर पुलावर उभं राहून खाली पाहिलं की पायऱ्यांवर, कठड्यांवर, काळ्या दगडावर त्या पसरलेल्या दिसतात. एखादी इतक्या लांबूनही नजर धरून ठेवते. तिच्यातले चौकोन सुटे कळतात, एक लय कळते. तिच्या शेजारच्या गोधडीतही तेवढेच रंग असतात, कदाचित जास्तच, पण लांबून त्यांचा एकच गढूळ पट्टा होतो.

दोन्हींत फरक कशाचा? रंगांची निवड चुकली असं बहुतेक जण म्हणतील. गुलाबीशेजारी हिरवा नको होता, पिवळा जास्त झाला, वगैरे. बऱ्याच वेळा रंगांचा काही दोष नसतो. दोष असतो तो गडद-फिक्याचा आणि नव्या-जुन्याचा.

जुन्या गोधड्या फारसा विचार न करता शिवलेल्या असायच्या आणि तरी रंगांनी जुळून यायच्या, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. त्याचं कारण साधं आहे. त्यातले सगळे तुकडे एकाच घरातले. सासूचं लुगडं, सुनेची साडी, सासऱ्यांचं धोतर, मुलींचे परकर. निवड साधारण एकाच दोन बायकांची, म्हणजे आवडीचे रंग ठरलेले. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कापड त्याच विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात शेकडो वेळा धुतलेलं, त्याच दोरीवर त्याच उन्हात वाळलेलं. धुण्याने आणि उन्हाने प्रत्येक रंगातला तजेला थोडाथोडा काढून घेतला, आणि त्या जागी सगळ्यांत सारखा असा एक विटकेपणा आला. तो विटकेपणाच गोधडीला बांधून ठेवत होता. डाळिंबी असो की मोरपंखी, दोघांच्या अंगावर एकच धूळ बसल्यासारखी.

आता गोधडीसाठीचे तुकडे येतात वीस ठिकाणांहून. टेलरकडचं कात्रण, लग्नाकार्यात मिळालेले ब्लाऊजपीस, मेन रोडवरून किंवा शालिमारहून आणलेलं मीटरभर कापड, जुन्या कुर्त्यांचे घेर, आणि मध्येच आजीची एखादी इरकल. एक तुकडा काल रंगवलेला, दुसरा तीस वर्षं धुतलेला. जुन्या गोधडीला जो मेळ आयता मिळायचा तो इथे मुद्दाम घडवावा लागतो. घडवता येतो, पण कात्री हातात घ्यायच्या आधी.

पहिलं काम कापड ओळखण्याचं. सुती आणि पॉलिस्टर एकत्र घेऊ नये. पॉलिस्टरला एक चकाकी असते, ती शेजारच्या सुती तुकड्याला मेलेला दाखवते. शिवाय सुती कापड पुढे विटत जाईल आणि पॉलिस्टर मात्र दहा वर्षांनीही तसंच भडक राहील, म्हणजे आज बसवलेला मेळ दरवर्षी थोडा बिघडत जाणार. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि थंड झालं की टोकाला कडक गोळी होते. मिश्र कापडात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात.

जुन्या साडीची ताकदही पाहायची. उजेडासमोर धरली की विरलेली जागा जाळीसारखी दिसते. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आडवं-उभं ओढावं. चर्र आवाज आला तर ते कापड वरच्या थरात घेऊ नये, मधल्या भरीत घालावं. विरलेला तुकडा नव्या दणकट कापडाला जोडला की पहिल्या दोन-चार धुण्यांत शिवणीपाशी फाटतो. नवं कापड आटतंही. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच सहज आटू शकतं, जुनी साडी आधीच आटून बसलेली असते. दोन्ही शेजारी आली की धुतल्यावर नवा तुकडा आखडतो आणि जुना फुगतो. म्हणून नवं जे काही असेल ते आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं.

आणि रंग जातो का ते पाहायचं. लाल, मरून, गडद निळा आणि राणी यांच्यावर तर मुळीच विश्वास टाकू नये. पांढऱ्या वाडग्यात गरम पाणी, त्यात चिमूटभर साबणाची पूड, आणि तीन इंचाचा तुकडा अर्धा तास बुडवून ठेवायचा. तो बाहेर काढून पांढऱ्या मांजरपाटावर ओला दाबून ठेवायचा. मांजरपाट रंगला तर कापड पुन्हा धुवायचं, पाणी निवळ येईपर्यंत. मीठ, तुरटी, व्हिनेगर यांनी रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. तुरटी कामाची असते ती वनस्पतीज रंगांत कापड रंगवण्याच्या वेळी. बाजारातल्या आजच्या रंगवलेल्या कापडात सुटा राहिलेला रंग त्याने धरून ठेवला जात नाही, तो धुऊन काढावाच लागतो. तीन वेळा धुऊनही पाणी रंगत राहिलं तर ते कापड कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेवावं. एका मरून तुकड्याने अख्खी दुधी गोधडी गुलाबी झालेली पाहणं फार वाईट असतं, आणि ती दुरुस्त होत नाही.

आता रंग. सगळे तुकडे दिवसाउजेडी पसरायचे. ट्यूबलाइटखाली किंवा दुकानातल्या एलईडीखाली जुळलेले दोन निळे बाहेर आले की एक जांभळट आणि एक हिरवट निघतो, म्हणून तर जाणत्या बायका कापड दुकानाच्या दाराशी आणून पाहतात. घरात खिडकीशेजारी, थेट ऊन नसलेल्या जागी, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान पाहिलेलं सगळ्यात खरं.

तीन ढीग करायचे, फिके, मध्यम आणि गडद. रंगाचं नाव विसरून जायचं. आपल्याकडे रंगांना इतकी गोड नावं आहेत, अबोली, आमसुली, कोनफळी, मोतिया, गुलबक्षी, चिंतामणी, की मन त्या नावाशी अडकतं आणि डोळा नीट काम करत नाही. मग डोळे किलकिले करून पाहावं. पापण्या अर्ध्या मिटल्या की रंग मागे पडतात आणि उजेड-अंधार उरतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मोबाईलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करणं. डाळिंबी आणि बाटली हिरवा हे दोन तुकडे शेजारी ठेवून असा फोटो काढून पाहा. एरवी एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटणारे हे दोघे फोटोत एकच करडा चौकोन होतात, मधली शिवणही दिसत नाही. होळकर पुलावरून जो गढूळ पट्टा दिसतो तो हाच. डोळ्याला लांबून आधी गडद-फिकं कळतं, रंग नंतर. पूर्ण गोधडी मध्यम छटांची असेल तर तिच्यात पंचवीस रंग असूनही आकार उभा राहत नाही.

कात्रणाच्या पिशवीत मध्यम छटांचे तुकडेच जास्त असतात, कारण रोजच्या नेसण्याचे कपडे त्याच छटांचे असतात. अगदी फिके आणि अगदी गडद तुकडे कमी पडतात आणि बहुतेक गोधड्या इथेच फसतात. म्हणून विकत काही आणायचंच असेल तर सातवा सुंदर गुलाबी आणू नये, दुधी, बदामी किंवा गडद निळं कापड आणावं.

मापाचा हिशोब मांडू या. एकाला पुरेल अशी पाच फूट बाय सात फुटांची गोधडी, म्हणजे ६० बाय ८४ इंच. शिवून सहा इंचाचा चौकोन धरला तर आडवे १० आणि उभे १४, एकूण १४० चौकोन. चारही बाजूंना पाव इंच शिवण, म्हणून कापताना साडेसहा इंच. कापड फार सुटत असेल तर अर्धा इंच सोडावा आणि सात इंच कापावं. या १४० पैकी ५६ फिके, ५६ मध्यम, २२ गडद आणि ६ झणझणीत, असं प्रमाण सुरुवातीला घ्यायला हरकत नाही. झणझणीत म्हणजे तो एक रंग जो भाजीतल्या फोडणीसारखा सगळीकडे जाणवतो. हळदी, शेंदरी, राणी, पोपटी यांपैकी एकच. सहा चौकोन कमी वाटतात, पण पिवळा बारा चौकोनांवर गेला की दुसरं काही दिसत नाही.

साडेपाच मीटरच्या, ४५ इंच पन्ह्याच्या साडीतून साडेसहा इंचाचे आडवे ६ आणि उभे ३३ चौकोन निघतात, म्हणजे जवळजवळ २००. विरलेला भाग आणि काठ सोडून अर्धी साडी वापरण्याजोगी निघाली तरी शंभर. म्हणजे फिक्या रंगाची एक चांगली जुनी साडी मिळाली की गोधडीची जमीन तयार. ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस एक मीटर पन्ह्याचा असेल तर २४ चौकोन देतो. २२ गडद चौकोनांना तो एकटा पुरतो, पण एकाच कापडाचे २२ चौकोन घेऊ नयेत. चार वेगवेगळे गडद घ्यावेत, निळा, वांगी, गडद तपकिरी, बाटली हिरवा. लांबून ते एकच काम करतात आणि जवळून पाहणाऱ्याला प्रत्येक वेळी काही नवं सापडतं.

एकूण कापडं किती घ्यावीत, यावर माझं मत थोडं टोकाचं आहे. चार-पाच घ्यावीत, नाहीतर चाळीस घ्यावीत. आठ-दहा कापडांच्या गोधडीत एखादं न जुळणारं कापड लगेच उघडं पडतं, आणि ते पुन्हापुन्हा येत असल्यामुळे झाकताही येत नाही. चाळीस कापडांत कोणतंही एक कापड तीन-चार वेळाच येतं, त्यामुळे गर्दीत ते सामावून जातं. चिंध्यांच्या गोधडीची खरी मजा या चाळिसातच आहे. फक्त गडद-फिक्याचं प्रमाण हातचं सुटता कामा नये.

रंगांचं कुटुंब कुठून आणायचं? रंगचक्र समोर घेऊन बसण्यापेक्षा मला लासलगावचा कांदा जास्त उपयोगी वाटतो. लाल कांदा उभा चिरून खिडकीत ठेवावा. बाहेरची सालं तांब्याच्या रंगाची, कागदासारखी, कडेला जवळजवळ तपकिरी. त्याखाली एक ओलसर, गुलाबीकडे झुकणारा जांभळा. आत दुधी पांढरा, आणि त्या पांढऱ्याच्या प्रत्येक पाकळीच्या कडेने जांभळ्याची एक बारीक रेघ, जी आत जाताजाता फिकट होत जाते. मध्यभागी कोंब असेल तर पोपटी पिवळा, करंगळीच्या नखाएवढा. या कांद्यात रंगांबरोबर त्यांचं प्रमाणही आहे. पांढरा सगळ्यात जास्त, जांभळा त्याच्या निम्म्याहून कमी, तांबूस कडेपुरता, पोपटी अगदी थेंबभर. दुधी धोतर, कोनफळी आणि फिका जांभळा, विटकरी-तांबूस, आणि सहा पोपटी चौकोन, अशी गोधडी डोळे झाकून जुळते. हेच रंग उलट्या प्रमाणात घेतले, म्हणजे पोपटी निम्मा आणि पांढरा थेंबभर, तर कांदा ओळखूही येणार नाही.

अशी कुटुंबं आसपास पुष्कळ आहेत. भाद्रपदात त्र्यंबकच्या बाजूला डोंगरउतारावर तेरडा फुलतो तेव्हा ओल्या काळ्या कातळाचा करडा, चार-पाच प्रकारचे हिरवे, ढगांचा राखाडी आणि तेरड्याचा गुलाबी असतो. निफाडकडच्या द्राक्षबागेत काळ्या द्राक्षांच्या घडावर जी पांढुरकी मेणचट झाक असते, तिच्यामुळे एकाच घडात गडद निळा, वांगी आणि धुरकट आकाशी मिळतो. जे घ्याल त्याच्यातून तीन रंग मुख्य, एक आधाराचा आणि एक फोडणीचा, एवढं पुरे. पण प्रमाणही त्याच वस्तूकडून घ्यावं.

कुटुंब ठरलं की नव्या-जुन्याचा प्रश्न सोडवायचा. इरकलीचा विटका किरमिजी आणि कालच आणलेला तेजस्वी लाल शेजारी ठेवले तर जुना मळका वाटतो आणि नवा उद्धट. दोघेही लालच आहेत, तरी भांडतात. हिरव्याशी जुळेल की नाही याची चिंता करणारे लोक इथे फसतात, कारण लालला लाल जुळणारच असं गृहीत धरलेलं असतं. यावर पहिला आणि फुकटचा उपाय म्हणजे छापील नव्या कापडाची उलटी बाजू वापरणं. उलट्या बाजूला नक्षी पुसट आणि रंग उतरलेला असतो, म्हणजे धुण्याची दहा वर्षं आयती मिळाली. छापील सुती कापडाला हे हमखास लागू पडतं, विणीत नक्षी असलेल्या कापडाच्या मागे मात्र सुटे धागे असतात, ते अडकतात.

दुसरा उपाय चहाचा. दोन लिटर पाणी उकळून त्यात चार मोठे चमचे चहापूड, गाळून घ्यायचं, मीटरभर ओलं सुती कापड त्यात १५ ते २० मिनिटं बुडवायचं आणि सतत हलवत राहायचं. हलवलं नाही तर डाग पडतात. कापड ओलं असताना दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून घाबरून लवकर काढू नये. मग साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचं. पांढऱ्याचा मोतिया होतो, गुलाबीचा अबोलीकडे झुकतो, आकाशी जरा करडा होतो. महत्त्वाचं म्हणजे एकाच चहात चार वेगळे नवे तुकडे बुडवले की चौघांवर सारखाच तपकिरी पापुद्रा बसतो आणि जे काम एका घरातल्या धुण्याने तीस वर्षांत केलं असतं त्यातलं थोडं अर्ध्या तासात होतं. हा रंग काही कायमचा नाही, धुण्यागणिक हळूहळू उतरतो, पण तोवर मूळ कापडही उतरायला लागलेलं असतं.

आणि तिसरा उपाय जुन्या तुकड्यांच्या बाजूने करायचा. जुने तुकडे थोडेच असतील आणि नवे जास्त, तर जुन्यांना विखरून टाकू नये. नव्या तेजस्वी तुकड्यांमध्ये एकटा पडलेला विटका तुकडा डागासारखा दिसतो. त्यांना चार-चारच्या गटात ठेवावं म्हणजे ते मुद्दाम ठेवलेत हे कळतं.

पांढऱ्याबद्दल सावध राहावं. नीळ दिलेला शुभ्र पांढरा गोधडीत भोकासारखा दिसतो. जुन्या धोतराचा पिवळसर पांढरा, दुधी, मोतिया, फिका बदामी हे सगळं सामावून घेतात. काळ्याचंही तसंच. संक्रांतीच्या चंद्रकळेचा तुकडा कोणाला आठवण म्हणून घालायचा असेल तर जरूर घालावा, पण त्याच्या भोवती फिके ठेवू नयेत, गडद निळा आणि तपकिरी ठेवावेत. मग तो खोल दिसतो, भगदाड वाटत नाही.

एक रंग दुसऱ्याला बदलतो, हे ज्याने शास्त्रशुद्ध मांडलं तो माणूस कापडाच्याच धंद्यातला होता. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. तिथे नक्षीदार पडदे विणले जात. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार आली. त्याने धागे तपासले तर काळा रंग उत्तम होता. त्याला फिकं पाडत होते ते शेजारचे निळे आणि जांभळे. या शोधावरून बांधलेला आपला नियम त्याने १८३९ साली ग्रंथात मांडला: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना शक्य तितकं वेगळं करून दाखवतात. गोधडीत याचा उपयोग रोज होतो. करडा तुकडा लालशेजारी हिरवट दिसतो आणि हिरव्याशेजारी गुलाबीसर. मध्यम गुलाबी गडद निळ्याशेजारी उजळतो, पांढऱ्याशेजारी तोच गडद वाटतो. म्हणून एखादा तुकडा आवडत नसेल तर तो फेकण्याआधी त्याचे शेजारी बदलून पाहावेत. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद आणि सारखेच तेजस्वी असले की त्यांच्या सीमेवर डोळ्यांना झिणझिण्या येतात. तिथे एकाला गडद करावं किंवा मध्ये दुधी चौकोन घालावा.

नक्षीचंही गडद-फिक्यासारखंच. बारीक बुट्टी दहा फुटांवरून सपाट रंग होते. पांढऱ्यावर लाल बारीक ठिपके असतील तर लांबून ते कापड गुलाबी दिसणार, आणि ढीग लावताना ते गुलाबीतच टाकायचं. मोठी फुलं सहा इंचात कापली की अर्धी पाकळी एका चौकोनात आणि नुसती पार्श्वभूमी दुसऱ्यात येते, म्हणजे एकाच कापडाचे दोन चौकोन वेगळ्या ढिगात जातात. कापल्यानंतर ढीग पुन्हा एकदा तपासायचे ते यासाठीच. तीन नक्षीदार तुकड्यांमागे एक तरी साधा असावा. येवल्याच्या पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घालून जी धूपछाव येते, तशी पुष्कळ सुती साड्यांतही असते. असं कापड फिरवलं की रंग बदलतं. त्याचे सगळे चौकोन एकाच दिशेने लावावेत, नाहीतर एकाच साडीचे तुकडे दोन वेगळ्या साड्यांचे वाटतात.

मांडणी जमिनीवर करायची. साधी चादर पसरून त्यावर. आधी २२ गडद चौकोन, रांगोळीचे ठिपके टाकतात तसे, पण काटेकोर अंतरावर नाही. कोपऱ्यात निदान दोन तरी पडू द्यावेत, नाहीतर गोधडी कडेला उसवल्यासारखी हलकी दिसते. मग सहा झणझणीत. ते एका ओळीत किंवा बरोबर समोरासमोर आले की नजर त्यांच्यातच येरझारा घालते, त्यामुळे तिरप्या जागी, दोन जवळ, एक लांब, असे ठेवावेत. त्यानंतर फिके, शेवटी मध्यम. जमिनीचं कापड सोडलं तर एका कापडाचे दोन चौकोन कोपऱ्यालाही चिकटू नयेत. झालं की खुर्चीवर उभं राहून फोटो काढायचा, काळा-पांढरा करायचा, आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळच्या उजेडात दोन-चार बदल करावेसे वाटतीलच. तेवढे करून थांबावं. दहा-पंधरा बदल सुचत असतील तर अडचण मांडणीत नाही, ढिगात आहे. बहुतेक वेळा फिके कमी पडलेले असतात.

उचलताना प्रत्येक ओळीचे दहा चौकोन डावीकडून उजवीकडे एकावर एक ठेवून त्यांच्यातून एक दोरा ओवायचा आणि वर ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचायची. हे न करता गठ्ठा उचलला की दोन दिवसांची मांडणी गेली.

पारंपरिक पद्धतीत चौकोन आधी जोडत नाहीत. साड्यांच्या थरावर तुकडा ठेवून, कडा आत दुमडून, धावदोऱ्याने बाहेरून आत शिवत जातात. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कौंदीही अशीच कडेपासून मध्याकडे जाते. या पद्धतीत मांडणी आधी पूर्ण होत नाही, हाताला येईल तसा तुकडा लागतो, म्हणून ढीग नीट लावलेले असणं आणखीच गरजेचं. आपल्या साड्या देऊन कोणाकडून गोधडी शिवून घेणार असाल तर नुसती पिशवी देऊ नका. तीन गाठोडी बांधून द्या, आणि फोडणीच्या रंगाचं चौथं छोटं गाठोडं वेगळं. काम करणाऱ्या बाईला मग सांगायला फार काही उरत नाही.

भरीच्या रंगाकडे कोणी लक्ष देत नाही. वरचा फिका तुकडा विरळ असेल तर त्याच्याखालची गडद साडी वर सावलीसारखी दिसते आणि दुधी चौकोन मळका होतो. भरीत तीन-चार साड्या जातात, त्यातली सगळ्यात फिकी वरच्या थराला लागून ठेवायची. रंग जाणारी साडी भरीतही नको, धुताना तो वर येतोच.

अस्तराला ४५ इंच पन्हा पुरत नाही, म्हणून सात-सव्वासात फुटांचे दोन तुकडे लांबीत जोडावे लागतात. साडेपाच मीटर साडीतून ते निघतात आणि वर मीटरभर उरतं. काठ अगदी शेवटी ठरवायचा. पूर्ण फेर होतो २८८ इंच, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. सहावारी साडीचे दोन्ही काठ मिळून अकरा मीटर भरतात, नऊवारीचा तर एकच काठ पुरून उरतो. गोधडीत जिचे चौकोन आहेत तिचाच काठ मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण आतला रंग कडेला पुन्हा भेटतो. जरीचा काठ मात्र गळ्याशी येणाऱ्या बाजूला लावू नये, टोचतो.

राहिला दोरा. अर्ध्या-अर्ध्या इंचावर धावदोरा घातला की दोऱ्याचा रंग सगळ्या गोधडीवर पसरतो. पांढरा दोरा गडद चौकोनावर रांगोळीच्या ठिपक्यांसारखा उठतो आणि फिक्यात विरून जातो, त्यामुळे गडद-फिक्यातलं अंतर कमी होतं. लाल दोऱ्याने फिके चौकोन लांबून गुलाबीसर होतात. तुकड्यांमध्ये चढउतार भरपूर असेल तर एकच दुधी किंवा बदामी दोरा सगळीकडे चालवावा, तो सगळ्यांना ओढून जवळ आणतो. चढउतार आधीच कमी असेल तर तुकड्याच्या रंगाचा दोरा घ्यावा आणि टाका दिसू देऊ नये. निवड करण्यापूर्वी एक गडद, एक फिका आणि एक मध्यम चौकोन जोडून त्यावर तीन रंगांच्या दोऱ्यांच्या चार-चार ओळी घालून पाहाव्यात आणि तो नमुना भिंतीला टाचून दहा फुटांवरून बघावा. त्यासाठी लागणारा अर्धा तास नंतरचे कितीतरी तासांचे टाके वाचवतो.

पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटीचं, भिजत न ठेवता. पिळायची नाही, उतरत्या जागी पसरून पाणी निथळू द्यायचं, आणि वाळत घालताना अस्तराची बाजू उन्हाकडे ठेवायची.